शेड उभं राहिलं, पैसे राहिले

लातुरात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. औशाकडच्या एका गिऱ्हाईकाला गोठ्याचं शेड करून दिलं, 62 हजार बाकी राहिले. "सोयाबीन विकलं की देतो." सोयाबीन गेलं, तूर गेली, मग पोरीचं लग्न निघालं.

पोलिसांनी "हे दिवाणी आहे" म्हणून वाटेला लावलं. नुसती बाकी थकली म्हणून गुन्हा होत नाही, हे खरंच आहे. रागात जाऊन पत्रे मात्र उचकटून आणू नका. उलट आपल्यावरच केस होते.

आधी कागद धरा. कोटेशनवर सही नसेल तर व्हॉट्सॲपवर हिशेब टाका: एकूण इतके, आले इतके, बाकी इतके. त्याचं "हो, देतो" येईपर्यंत भांडू नका. काम झाल्यापासून 3 वर्षांत दावा लावावा लागतो. त्या मुदतीत त्यानं सही करून बाकी कबूल केली, तर तिथून पुन्हा 3 वर्षं मिळतात.

रक्कम लहान असेल तर कोर्टाच्या तारखाच महाग पडतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करून प्रकरण लोक अदालतीत घ्या. फी नाही, तडजोड झाली की तो हुकूमनामाच, त्यावर अपील नाही. पण समोरच्यानं मान्य केलं तरच. नाहीतर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा.

कंपन्यांची, ठेकेदारांची कामं करत असाल तर आधीच उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं त्यांना जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज.

माझ्या गिऱ्हाईकानं शेवटी चेक दिला. तो परत आला. बँकेनं कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची असते. मी दीड महिना त्याच्या थापा ऐकत बसलो. वकील म्हणाले, "चेकवरच्या तारखेला 3 महिने झाले नाहीत ना? मग परत भरा." भरला, पुन्हा परत आला. आठव्या दिवशी रजिस्टर पोस्टानं नोटीस गेली. ती मिळाल्यापासून त्याला 15 दिवस. नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात चेक न वटल्याच्या कलम 138 खाली कोर्टात तक्रार. त्यात 2 वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तेराव्या दिवशी माणूस मोटारसायकलवर दुकानात हजर. आधी चेक द्या म्हणाला. मी चहा पाजला. चेक पैसे खात्यात दिसल्यावर दिला.