ऑक्टोपॅडच्या ठोक्यावर दिवे: खरी मेख गेट टाइमची

ठोक्यासरशी दिवे लागायला हवेत, तर ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) यूएसबीने लॅपटॉपला जोडा, लॅपटॉपवर दिवे चालवणारं, फुकट मिळणारं क्यूएलसी प्लस टाका, लॅपटॉपचा हुकूम दिव्यांपर्यंत नेणारं डीएमएक्स डोंगल लावा. पार (स्टेजचे रंगीत दिवे) सात चॅनलचे असतील तर त्यांचे पत्ते 1, 8, 15 असे. शेवटच्या पारमध्ये 120 ओहमचा टर्मिनेटर (केबलची साखळी संपवणारा रोधक) खोचा. मग क्यूएलसी प्लसच्या व्हर्च्युअल कन्सोलवर बटण काढा, ऑटो डिटेक्ट दाबा आणि पॅडवर काठी मारा. कुठला पॅड कुठल्या नंबरची नोट पाठवतो ते पाठ करत बसू नका.

बटण ‘फ्लॅश’वरच ठेवा, म्हणजे ते दाबलेलं असेपर्यंतच दिवा. ‘टॉगल’वर एका ठोक्याला दिवा लागतो, पुढच्याला विझतो, आणि एक ठोका हुकला की सगळं उलटं.

आता खरी भानगड. इंदूरला आमच्या कॉलनीच्या गणपतीत रंगीत तालमीला किक (मोठ्या ड्रमचा ठोका) मारली की दिवा नुसता डोळा मिचकावायचा. मी केबल बदलल्या, डोंगल बदललं, ज्याने त्याने सांगितलं तसं ड्रायव्हर पुन्हा टाकलं. रात्रीचे बारा वाजले, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतला भुट्ट्याचा कीसही हुकला. केबलमध्ये काहीच खोट नव्हती.

कीबोर्डची कळ बोट उचलेपर्यंत दाबलेली राहते. पॅडवर काठी आपटते आणि उडते, तिथे ‘सोडणं’ असं काही नसतंच. म्हणून नोट-ऑफ, म्हणजे ‘कळ सुटली’ हा निरोप, ऑक्टोपॅड स्वतःच पाठवतो, ठरलेल्या वेळाने. तोच गेट टाइम, पॅडच्या मिडी सेटिंगमध्ये सापडतो. माझा 0.1 सेकंदावर होता. चिडून मी तो 1 सेकंद केला, तर दिवे विझेचनात! पहिला नोट-ऑफ यायच्या आत पुढचा ठोका पडत होता.

माझा हिशोब असा: दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या निम्मा गेट. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत प्रत्येक मात्रेला किक असेल तर अंतर 0.5 सेकंद, गेट 0.25 च्या आसपास. स्नेअरवर (कडक आवाजाचा ड्रम) भरणे, म्हणजे भराभर ठोके, वाजवत असाल तर 0.1 पुरे. हा आकडा लॅपटॉपवर शोधू नका, ऑक्टोपॅडवरच बदला.

एका पॅडवर मारल्यावर शेजारच्याचा दिवा लागला तर ऑक्टोपॅडवर ‘क्रॉसटॉक कॅन्सल’ (शेजारचा धक्का गाळणारं सेटिंग) वाढवा.

किक आणि स्नेअर सोडून काही बांधू नका. हायहॅटला (झांजेसारखा आवाज) स्ट्रोब (भराभर लुकलुकणारा दिवा) बांधायचा सल्ला देणाऱ्याला आधी मंडपात पुढच्या सतरंजीवर बसवा, पोरांच्या शेजारी. लॅपटॉपचं स्लीप मात्र आठवणीने बंद करा, नाहीतर आरतीनंतर पहिल्याच गाण्याला अंधार.