कर्जतला शेतावर जेवायला जायचं तर

मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण वर्षातून तीन-चारदा कर्जतला जेवायला जातो. दोघी दादरच्या. कर्जत गावाबाहेर एक नवरा-बायको आपल्या घराच्या पडवीत आठ-दहा पानं मांडतात आणि शेतात जे असेल ते रांधून वाढतात. अशा जागांना आता ‘फार्म टू टेबल’ म्हणतात. ओळखीच्या बायका सारख्या विचारतात, कसं जायचं, काय सांगायचं, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

पहिलं काम फोनचं, आणि तो दोन दिवस आधी करायचा. “मेन्यू काय आहे?” असं विचारू नका. “सध्या शेतात काय आहे?” असं विचारा. जिच्याकडे खरंच शेत आहे ती म्हणेल, “कुरडू आलीय, दुधी आहे, अळू हवं तेवढं. भेंडीला अजून आठवडा लागेल.” जो बारा महिने पनीर, मटार आणि सिमला मिरची सांगतो त्याचा माल बाजारातून येतो. आम्ही एकदा अशा ठिकाणी फसलो. अंगणात बैलगाडी, भिंतीवर वारली चित्रं, आणि भर जुलैत ताटात फ्लॉवर-मटार. मागे हात धुवायला गेले तर भाजीचे क्रेट रचून ठेवलेले. मैत्रिणीने त्या दिवसासाठी रजा टाकली होती, त्याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून फोनवर हा एक प्रश्न मी सोडत नाही.

फोनवरच माणसं किती ते सांगा आणि त्यात बदल करू नका. तिथे फ्रीज भरून काही ठेवलेलं नसतं. दोन जणींसाठी दोन जणींचीच भाजी खुडलेली असते. ऐनवेळी जाणं रद्द झालं तर जेवणाचे पैसे पाठवून द्या. पथ्य असेल तर तेही तेव्हाच बोला. माझ्या मैत्रिणीला मधुमेह आहे, म्हणून त्या घरच्या ताई तिच्या डाळीत गूळ घालत नाहीत.

रविवार टाळा. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो आणि पावसाळ्यात भिवपुरीच्या धबधब्यांची गर्दी. मधल्या वारी सकाळची कर्जत लोकल पकडलीत तर गर्दी उलट्या दिशेला असते, खिडकी मिळते. दादरहून दोन तासांच्या आसपास लागतात. कर्जत स्टेशनवरचा वडा येताना खा, जाताना नाही. भूक शिल्लक ठेवूनच जायचं. रिक्षावाल्याचा नंबर उतरतानाच घेऊन ठेवा, शेताजवळ परतीची रिक्षा मिळत नाही.

कधी जायचं, हे तुम्हाला काय खायचंय त्यावर. जानेवारीत गेलात तर पोपटीचं विचारा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, हवी तर अंडी नाहीतर कोंबडी. पाणी नाही, तेल नाही. मडकं उपडं घालून भोवती जाळ करतात. दोन माणसांसाठी मडकं लावणं त्यांना परवडत नाही, त्यामुळे आणखी कोणी येणार असतील तो दिवस विचारून घ्या.

पण माझा जीव पावसाळ्यावर. मृगाचा पाऊस पडला की रानभाज्या येतात: आधी शेवळं, मग टाकळा, कुरडू, भारंगी, आषाढ-श्रावणात करटोली. टाकळा कोवळा असतानाच खायचा. शेवळं मात्र जाणत्या हातचीच खावीत. नीट साफ केली नाहीत तर घसा खाजतो. ताईंनी एकदा आम्हाला शेजारी बसवून दाखवलं: वरचं आवरण उलगडायचं, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं, आणि खाज मोडायला काकडांचा आंबट रस घालायचा. काकडं म्हणजे छोटी हिरवी फळं, बाजारातही शेवळांबरोबरच मिळतात. मैत्रिणीची आई गेली त्याला सात वर्षं झाली, तेव्हापासून तिने शेवळं खाल्ली नव्हती. पहिला घास घेऊन ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आई सोडे घालायची गं. पण आंबटपणा हाच.”

म्हणूनच मी म्हणते, एकाच मैत्रिणीबरोबर जा. दहा जणींत आपल्याच गप्पांचा गलका होतो, ताटाकडे लक्ष जात नाही.

जेवायला बसलात की सगळ्या भाकऱ्या एकदम मागू नका. तांदळाची भाकरी तव्यावर पडल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात, पलटतात आणि मग निखाऱ्यावर धरतात. तिथे ती टम्म फुगते. तशीच ताटात आली पाहिजे, वाफ बोटांना लागली पाहिजे. थांबून एकेक घ्या. तांदूळ कुठला, हेही विचारा. आमच्या ताईंकडे ‘कर्जत ३’ असतो. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेलं हे वाण. जाडसर दाणा, भाकरीला चांगला. विचारलं की त्यांचा चेहरा खुलतो, कारण भात त्यांनी स्वतः लावलेला असतो. ताटात टाकू नका. थोडं वाढून घ्या, आवडलं तर पुन्हा मागा, त्यांना बरं वाटतं.

जेवणानंतर शेत बघायचं असेल तर विचारून जा आणि बांधावरूनच चाला. लावणीच्या दिवसांत चिखलात पाय घालून फोटो काढू नका, रोपं मोडतात. चुलीपाशी फोटो काढायचा तर आधी ताईंना विचारा.

पैसे रोख न्या, पावसात नेटवर्क जातं. घासाघीस करू नका. पहाटे रानात जाऊन भाजी शोधायची, निवडायची, चुलीच्या धुरात बसायचं, हे सगळं त्या पैशांत असतं. निघताना दोन जुड्या विकत घ्या. मी कापडी पिशवी नेते आणि भाजी ओल्या फडक्यात गुंडाळते, दादरपर्यंत ताजी राहते.

घरी पोचल्यावर ताईंना फोन करा. परवा केला तर म्हणाल्या, “पुढच्या बुधवारपर्यंत करटोली येतील बघा.” मी दोघींचं सांगून ठेवलंय.