बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही? गॅस असा वाचवा

आमच्याकडं लातूर भागात घरोघरी बोअरचं पाणी. क्षार इतके की बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो. या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाताखाली लागतो. गॅस मात्र जळत राहतो.

1. डाळ धुवायला बोअरचंच पाणी वापरा. भिजवायला आणि शिजवायला मात्र जारचं किंवा आरओ फिल्टरचं घ्या. वाटीभर डाळीला तीन वाट्या पुरतात, म्हणजे जार काही संपत नाही.

2. अर्धा-पाऊण तास भिजवा. हळद, थेंबभर तेल घाला. मीठ आणि चिंच फोडणीच्या वेळी. चिंच आधी पडली की डाळ अडून बसते.

3. दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. कुकर ओट्यावर उतरवून जुन्या वाकळेत गुंडाळा आणि भाकरी थापायला घ्या. सात-आठ भाकरी होईस्तोवर डाळ रवीनं घोटण्याइतकी मऊ होते. सासूबाईंना पटत नव्हतं, आता वाकळ त्याच आणून देतात.

गॅसची टाकी लावली की कॅलेंडरवर तारखेला गोल करते. चौघांच्या घरात 14.2 किलोची टाकी आधी 34-35 दिवस जायची, आता चाळिशी गाठते.

एक सांभाळा: कुकर शेगडीवर असताना, आच बारीक असली तरी, वाकळ जवळ नेऊ नका. आणि शिजण्यासाठी खायचा सोडा टाकू नका, त्यानं डाळीतलं ब-1 जीवनसत्त्व जातं.