आधी दार बघून ठेवा: दहशतवादी हल्ल्याची तयारी

मोठ्या इमारतींमध्ये आणीबाणीच्या कवायती घेणं हे माझं काम. भोंगा वाजतो, लोक कुरकुरत जिन्याने उतरतात, आणि खाली आल्यावर कोणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, खरंच काही झालं असतं तर आम्ही पळालोच असतो." नाही पळत. माणूस आधी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, मग खिडकीकडे जातो, मग चार्जर शोधायला लागतो. दहशतवादाचा विषय निघाला की लोक मला संघटनांची नावं विचारतात. मी त्यांना विचारते, तुमच्या मजल्यावरचा दुसरा जिना नेमका कुठे उतरतो?

तरी हल्लेखोरांबद्दल थोडं समजून घ्यायला हवं, कारण डोक्यात आधीच बसलेलं चित्र आपल्याला फसवतं. ढोबळ विभागणी अशी: हल्लेखोर त्याच देशातला, राग तिथल्याच सरकारवर किंवा समाजातल्या एखाद्या गटावर आणि बाहेरून हुकूम नाही, तर तो देशांतर्गत दहशतवाद. बाहेरच्या संघटनेने आखणी केली, पैसा किंवा प्रशिक्षण दिलं, तर आंतरराष्ट्रीय. मारायचं सामान्य माणसांना आणि वाकवायचं सरकारला किंवा सगळ्या समाजाला, हे दोन्हींत सारखंच. सर्व देशांना मान्य होईल अशी एक व्याख्या संयुक्त राष्ट्रांनाही अजून ठरवता आलेली नाही, त्यामुळे कायदे देशागणिक बदलतात.

19 एप्रिल 1995 ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत स्फोटकांनी भरलेल्या ट्रकने सरकारी इमारत उद्ध्वस्त केली, 168 जण गेले. पहिल्या काही तासांत टीव्हीवर मध्यपूर्वेचीच चर्चा होती. निघाला टिमथी मॅकव्हे, आखाती युद्धात लढलेला अमेरिकी सैनिक. आणि तो सापडला तो स्फोटानंतर सुमारे दीड तासाने, गाडीला नंबरप्लेट नाही म्हणून एका पोलिसाने हटकल्यामुळे. नॉर्वेत 22 जुलै 2011 ला 77 जणांना मारणारा नॉर्वेचाच नागरिक होता आणि पोलिसाचा वेष घालून बेटावर गेला होता. 7 जुलै 2005 ला लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये 52 जणांचा बळी घेणारे चौघे ब्रिटनमध्येच वाढलेले, पण धागेदोरे अल कायदापर्यंत जाणारे. त्यांना कुठल्या रकान्यात टाकणार? रकाने तपास यंत्रणांना लागतात. आपल्याला एवढंच लक्षात ठेवायचं, की धर्म, रंग किंवा दाढी बघून काही कळत नाही. बघायचं असतं ते वागणं.

वागणं म्हणजे काय? कॅमेरे, फाटकं, पहारेकऱ्यांची अदलाबदल यांचेच फोटो पुन्हा पुन्हा काढणारा. सुरक्षेबद्दल कारण नसताना खोदून विचारणारा. खतं किंवा रसायनं घेतो, पण कशासाठी ते धड सांगता येत नाही. "लवकरच कळेल सगळ्यांना" असं बोलणारा. ही शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची, कारण एकट्याने हल्ला करणारे बऱ्याचदा आधी कोणाजवळ तरी बोलून गेलेले असतात, मित्राजवळ, भावाजवळ किंवा इंटरनेटवर. ऐकणाऱ्याला वाटतं, बडबडतोय.

मँचेस्टरमध्ये 22 मे 2017 ला गाण्याचा कार्यक्रम सुटताना स्फोट झाला, 22 जण मेले. त्याआधी तिथल्या एका माणसाला मोठी पाठपिशवी घेऊन थांबलेल्या हल्लेखोराचा संशय आला होता. त्याने त्याला हटकलं आणि कर्मचाऱ्याला सांगितलंही. निरोप नियंत्रण कक्षापर्यंत गेला नाही. एका तरुण पहारेकऱ्याने पुढे चौकशीत सांगितलं, की आपल्यावर वंशद्वेषाचा आरोप येईल अशी त्याला भीती वाटली. म्हणून मी शिकवते की कळवताना माणसाचं वर्णन दुसरं, कृती पहिली: "गर्दी सुटायच्या वेळी एक जण भली मोठी पिशवी घेऊन बराच वेळ कोपऱ्यात थांबलाय, विचारलं तर उत्तर देत नाही." यात कोणाचा अपमान नाही आणि ऐकणाऱ्याला काम करता येतं. वरच्याने दुर्लक्ष केलं तर थेट पोलिसांना फोन करा.

बेवारस पिशवीचंही तसंच. बहुतेक पिशव्या विसरलेल्याच असतात. तीन प्रश्न विचारा: ती मुद्दाम लपवलेली दिसते का? तारा, चिकटपट्टी, डाग असं काही उघड विचित्र आहे का? त्या जागी अशी वस्तू नेहमी दिसते का? स्थानकावर सूटकेस नवल नाही, जिन्याखाली कोंबलेली असेल तर आहे. शंका आली की हात लावायचा नाही, हलवायची नाही, तिच्या जवळ उभं राहून मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरायचा नाही. ब्रिटनमध्ये पाळतात ती अंतरं मी पाठ करून घेते: छोट्या वस्तूपासून निदान 100 मीटर, मोटारीपासून 200, ट्रकपासून 400. आणि भिंतीच्या आड, काचेच्या नाही.

आता पळण्याबद्दल. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांत मॉर्गन स्टॅनली या बँकेच्या सुरक्षेचा प्रमुख रिक रेस्कोर्ला होता. 1993 ला त्याच इमारतीच्या तळघरात ट्रकबॉम्ब फुटल्यावर त्याला खात्री झाली, की हे पुन्हा होणार. मग वर्षानुवर्षं तो लोकांना जिन्याने उतरवण्याच्या कवायती घेत राहिला, मोठमोठे साहेब वैतागले तरीही. 11 सप्टेंबर 2001 ला पहिलं विमान शेजारच्या मनोऱ्यावर आदळलं तेव्हा दक्षिण मनोऱ्यात "जागेवरच थांबा" अशी घोषणा झाली. त्याने ती ऐकली नाही, माणसं खाली काढायला सुरुवात केली. सुमारे 2,700 कर्मचाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे वाचले. तो स्वतः उरलेल्यांना शोधायला पुन्हा वर गेला आणि परतला नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठं नाव नाही.

त्याच्याकडून घ्यायचं ते एवढं: वाट आधी चाललेली असावी. कुठेही गेलात की बसण्यापूर्वी दोन दारं बघून ठेवा, आणि त्यातलं एक तुम्ही आत आलात ते नसावं, कारण गर्दी आल्या दाराकडेच धावते. कवायतीत सामान सोडून निघायचा सराव करा. चाकाची खुर्ची वापरणारे, गर्भवती, कानाने अधू यांना कोण घेऊन उतरणार, हे माणसाच्या नावानिशी ठरवा. "कोणीतरी बघेल" म्हणजे कोणी बघत नाही.

गोळीबार सुरू झाला तर क्रम सोपा आहे: पळता येत असेल तर पळा, नाही तर लपा, सुरक्षित झाल्यावर कळवा. लपताना दार आतून बंद करून अवजड सामान लावा, दिवे घालवा, फोनचं कंपनसुद्धा बंद करा आणि दारासमोर थांबू नका. टेबल तुम्हाला लपवतं, गोळी अडवत नाही. विटांची किंवा काँक्रीटची भिंत अडवते. पोलिस आत आले की हात रिकामे आणि वर. ते तुमच्यावरही बंदूक रोखतील, जखमींना ओलांडून पुढे जातील. हल्लेखोराला थांबवणं हे त्यांचं पहिलं काम असतं, मनाला लावून घेऊ नका.

स्फोट झाला तर बाहेर पडून तिथेच घोळका करू नका. बालीत 12 ऑक्टोबर 2002 ला आधी एका बारमध्ये स्फोट झाला, लोक रस्त्यावर धावले आणि तिथे उभ्या गाडीत दुसरा, कितीतरी मोठा बॉम्ब फुटला. 202 बळी. जमण्याची जागा लांब आणि वळणाआड ठेवा. अचानक उजेडाचा मोठा झोत दिसला तर खिडकीकडे नाही, जमिनीवर. (रशियातल्या चेल्याबिन्स्कवर 2013 मध्ये उल्का फुटली तेव्हा हजाराहून जास्त लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. धक्का उजेडानंतर येतो.)

रक्तस्राव हा भाग मी सर्वांत जास्त वेळ घेऊन शिकवते, कारण रुग्णवाहिका येण्याआधीच मोठ्या रक्तवाहिनीतून रक्त वाहून माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. रक्त उसळत असेल किंवा खाली साचत असेल तर विचार करत बसू नका. हाताला मिळेल ते कापड जखमेत कोंबा आणि दोन्ही हातांनी, अंगाचं वजन टाकून दाबा. मध्येच उचलून बघू नका. हातापायाची जखम दाबून थांबत नसेल तर टूर्निकेट, म्हणजे पिळून आवळायची पट्टी: जखमेच्या पाच-सात सेंटीमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचं. दुखणारच, ओरडला तरी सैल करू नका. बांधल्याची वेळ लिहून ठेवा. कमरेचा पट्टा बहुधा निकामी ठरतो, कारण तो पिळून घट्ट करता येत नाही. रुंद कापडात काठी घालून पिळा. मान, छाती, पोट इथे टूर्निकेट चालत नाही. जवळ प्रथमोपचाराचा वर्ग असेल तर एक दुपार द्या, वाचून हाताला दाब कळत नाही.

विचित्र वास, डोळे चुरचुरणं, माणसं एकाएकी कोसळणं, असं दिसलं तर वारा जिकडून येतोय त्या दिशेला आणि उंचावर जा, बाहेरचे कपडे उतरवा, अंग पाण्याने धुवा. टोकियोच्या भुयारी रेल्वेत 20 मार्च 1995 ला सारीन हा विषारी वायू सोडला गेला तेव्हा रुग्णांच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने दवाखान्यातले डॉक्टर-परिचारिकाही आजारी पडले.

फोनचं थोडक्यात. घरच्यांशी भेटायची जागा आणि दुसऱ्या गावातला एक निरोप्या आधीच ठरवा. लाइन जाम असते तेव्हा मेसेज जातो. पोलिसांच्या हालचालींचा व्हिडिओ टाकू नका. मुंबईत 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात थेट प्रक्षेपण बघून सूत्रधार फोनवरून सूचना देत होते. ब्रसेल्समध्ये 2015 ला पोलिसांनी मोहिमेबद्दल लिहू नका म्हटल्यावर लोकांनी त्याऐवजी मांजरांचे फोटो टाकले, आणि पोलिसांनी नंतर वाडगाभर मांजरखाद्याचा फोटो टाकून आभार मानले. संशयितांचे फोटोही पुढे पाठवू नका. 2013 मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये झालेल्या स्फोटांनंतर इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी निर्दोष लोकांना आरोपी ठरवलं होतं.

आणि नंतर टीव्ही बंद करा. बॉस्टननंतरच्या आठवड्यात दिवसाला सहा तास किंवा त्याहून जास्त बातम्या बघणाऱ्यांना प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त मानसिक ताण जाणवल्याचं एका अभ्यासात दिसलं. लहान मुलांना तीच दृश्यं परत परत दाखवली तर त्यांना वाटतं, पुन्हा पुन्हा घडतंय. त्यांनी विचारलं तर विचारलं तेवढंच खरं सांगा. महिना उलटला तरी झोप लागत नसेल, त्या रस्त्याने जाववत नसेल, तर डॉक्टरांकडे जा.