आयएलआर आणि भारतात काढलेले महिने

"उन्हाळ्यात तीन महिने माहेरी राहून आले तर आयएलआरला, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याच्या परवानगीला, अडचण येईल का?" लंडनकडच्या स्लाउ-हाउन्स्लोत नव्याने आलेल्या बायकांचा हा ठरलेला प्रश्न. हल्ली बायकोच्या व्हिसावर आलेले नवरेही तो विचारतात. मी आधी उलट विचारते, तुमचा जोडीदार ब्रिटिश किंवा इथला कायमचा रहिवासी आहे, की स्वतःच स्किल्ड वर्कर, म्हणजे कामाच्या, व्हिसावर आहे? दोघांनाही लोक सरसकट 'स्पाउस व्हिसा'च म्हणतात, पण सुट्टीचा हिशोब दोन्हीकडे वेगळा आहे. मैत्रिणीच्या अनुभवावरून तिकीट काढण्याआधी एवढं बघाच.

जोडीदार स्किल्ड वर्कर असेल तर तुम्ही डिपेंडंट, म्हणजे त्याच्या व्हिसावर अवलंबून, आणि तुम्हाला १८० दिवसांहून जास्त ब्रिटनबाहेर न राहण्याची अट आहे. पूर्वी डिपेंडंटची गैरहजेरी मोजत नसत. ११ जानेवारी २०१८ पासून मोजतात, त्यामुळे जुन्या मंडळींनी "काही होत नाही गं" म्हटलं तरी ऐकू नका. ही मर्यादा जानेवारी ते डिसेंबर अशी नसते, कुठल्याही सलग बारा महिन्यांना लागते. समजा, ऑक्टोबरच्या मध्याला दिवाळीसाठी गेलात आणि वर्षअखेरीला परतलात. मग मार्चपासून जूनअखेरपर्यंत पुन्हा पुण्यात. कॅलेंडर वर्षं धरली तर दोन्हीकडे मामला आटोक्यात दिसतो. सलग बारा महिने धरले की आकडा दोनशेच्या घरात जातो आणि आयएलआरला लागणारी पाच वर्षांची सलगता तुटते. एक दिलासा आहे: निघाल्याचा आणि पोचल्याचा दिवस धरत नाहीत, पूर्ण बाहेर काढलेलेच दिवस मोजतात.

सवलत मिळते, पण कारण तसंच गंभीर लागतं. तुमचं स्वतःचं किंवा जवळच्या माणसाचं जिवावरचं आजारपण, घरातला मृत्यू, युद्ध किंवा महासाथीमुळे अडकलेला प्रवास, अशी. सासऱ्यांना आयसीयूत ठेवलं म्हणून थांबलात तर डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं पत्र तेव्हाच घेऊन ठेवा. चार वर्षांनी हॉस्पिटलच्या खिडकीवर कोणी दाद देत नाही. बाळंतपणाचं नाव मात्र नियमातल्या कारणांत नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं असेल तर दिवस मोजूनच जा. आणि दोघेही व्हिसावर असताना बाळ भारतात जन्मलं तर परत येताना त्याचाही व्हिसा लागतो, तो वेळ तुमच्याच दिवसांतून जातो.

जोडीदार ब्रिटिश किंवा आयएलआरवाला असेल तर १८० ची रेघ नाही. याचा अर्थ मोकळं रान असा नव्हे. तुमचा संसार खरोखर इथे आहे आणि पुढेही इथेच राहायचा इरादा आहे, हे ब्रिटिश गृहखात्याला पटावं लागतं. नोकरी, शिक्षण, आजारपण, सुट्टी ही कारणं चालतात. पण पाच वर्षांतला बराचसा काळ नाशकात आणि नवरा एकटा लेस्टरला, असं चित्र दिसलं तर शंका येणारच. म्हणून काउन्सिल टॅक्स (घराचा स्थानिक कर), बँक, जीपी (नेहमीचे डॉक्टर) यांच्या पत्रांवर दोघांचं नाव आणि एकच पत्ता राहील असं बघा.

हिशोब ठेवायला वही पुरते. इथून बाहेर पडताना ब्रिटन शिक्का मारत नाही, पण भारत येता-जाता दोन्ही वेळा सहसा मारतो. तारखा तिथूनच जुळतात, म्हणून नूतनीकरणानंतर रद्द होऊन आलेला जुना पासपोर्ट जपून ठेवा.

आयएलआरचा अर्ज इथून भरला की निकालापर्यंत देशाबाहेर जायचं नाही. गेलात तर अर्ज मागे घेतला असं धरतात, आणि २०२५ मध्ये ही फी माणशी ३,०२९ पौंड होती.

मे २०२५ च्या ब्रिटिश सरकारच्या श्वेतपत्रिकेत कामाच्या व्हिसावाल्यांना आयएलआरसाठी पाचाऐवजी दहा वर्षांचा प्रस्ताव आला आणि ब्रिटिश नागरिकांच्या जोडीदारांना पाचच ठेवली, तेव्हा अर्जाच्या वेळी सरकारी संकेतस्थळावरचा नियम वाचाच. आयएलआर मिळाल्यावरही सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलात तर तो जातो. ब्रिटिश जोडीदारामुळे नागरिकत्व मागायचं असेल तर तीन वर्षांत २७० दिवस आणि शेवटच्या वर्षात ९० दिवस, एवढीच सुट्टी. शिवाय अर्ज पोचतो त्याच्या बरोबर तीन वर्षं आधीच्या तारखेला तुम्ही ब्रिटनमध्ये असायला हवं. त्या दिवशी भारतात असाल तर अर्जाची तारीख पुढे ढकला.