ज्या गणवेशाची धास्ती, त्याच गणवेशाची सुधारणा: शांतिसेनेतील अधिकाऱ्यांसाठी

सिएरा लिओनमधील शांतिमोहिमेला १९९९ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने नागरिकांच्या संरक्षणाचे काम प्रथमच स्पष्ट शब्दांत सोपवले. सुरक्षा यंत्रणेच्या, म्हणजे त्या देशाच्या लष्कर-पोलिसांच्या, सुधारणेवरचा स्वतंत्र ठराव मात्र २०१४ साली आला. आजही ही दोन कामे बहुधा दोन वेगळ्या विभागांकडे असतात. ज्या लष्कराला आपण प्रशिक्षण देतो त्याच्याच जवानांची लोकांना धास्ती असेल, तर ही दोन्ही कामे एकत्र बसूनच आखावीत.

आरंभ धोक्याच्या नकाशापासून करावा. त्यावर बंडखोरांच्या तळांबरोबरच सरकारी चौक्यांवर वसुली कोठे होते, हेही दाखवावे. बायका पहाटे सरपणाला निघत असतील आणि गस्त दुपारी जात असेल, तर कागदोपत्री गस्त चोख राहते आणि वाटेवर कोणीच नसते. ही वेळ विचारण्यास स्थानिक भाषा जाणणारा संपर्क सहायक पाठवावा. सांगणारीचे नाव अहवालात घालू नये, कारण गस्त परतल्यावर तिला तेथेच राहायचे असते.

लष्करी तुकडीला इंधन, शिधा किंवा वाहने देण्यापूर्वी तिच्या प्रमुखाची पूर्वपीठिका तपासावी आणि अत्याचार झाल्यास मदत थांबेल, हे आधीच लेखी कळवावे. काँगोमध्ये २००९ साली नागरिकांच्या हत्यांनंतर शांतिसेनेला काही लष्करी तुकड्यांची मदत थांबवावी लागली. ही अट आरंभीच घातलेली बरी. नव्या भरतीत लायबेरियाचा मार्ग उपयोगी आहे: तेथे उमेदवारांची छायाचित्रे जाहीर करून लोकांकडून हरकती मागवल्या गेल्या.

पगाराचा प्रश्न अनेकांना कारकुनी वाटतो. माझ्या मते सुधारणेचे मर्म तेथेच आहे. काँगोमध्ये पगाराची रोकड वरिष्ठांच्या हातून खाली येई, वाटेत घटे, आणि हजेरीपटावर नसलेल्या माणसांची नावे असत. उपाशी जवान मग चौकीवर वाटसरूंकडून वसुली करी. २००५ साली सुरू झालेल्या युरोपीय संघाच्या मोहिमेने जवानांची शिरगणती केली आणि पगाराची साखळी हुकुमाच्या साखळीपासून वेगळी काढली. म्हणून प्रशिक्षणाचे वेळापत्रक ठरवण्याआधी एका तुकडीच्या पगाराचा मागोवा राजधानीपासून जवानाच्या हातापर्यंत घ्यावा.

आपला तळ बंद करताना आपली जागा घेणाऱ्या पोलिसांना पगार, इंधन व वायरलेस संच मिळाल्याची खात्री करावी आणि अखेरच्या काही आठवड्यांतील गस्ती त्यांच्याबरोबरच, त्याच पहाटेच्या वाटेने काढाव्यात.