जर्मनीत दात सांभाळताना: पब्लिक इन्शुरन्स काय देतो आणि त्यासाठी आपण आधी काय करायचं

स्टुटगार्टकडे नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) आणि बँकेचं खातं झालं की मी लगेच एक गोष्ट सांगते: दाताच्या डॉक्टरची वेळ घ्या. दुखत नसलं तरी घ्या. खरं तर दुखत नाही तोवरच घ्या. आपल्याकडे दाढ ठणकायला लागली, लवंग धरूनही भागेना, की मग डेंटिस्ट आठवतो. इथल्या पब्लिक इन्शुरन्सचे नियम मात्र दुखण्याआधी जाणाऱ्याच्या बाजूचे आहेत. पैशांचा फरक तिथेच पडतो आणि तो पहिल्या वर्षापासून मोजला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी पायाभूत गोष्ट. टीके, एओके, बार्मर, डीएके, तुमची कासे, म्हणजे पब्लिक विमा कंपनी, कुठलीही असो, दातांचे मूळ हक्क सगळीकडे सारखेच, कारण ते कायद्याने ठरवले आहेत. कंपन्यांत फरक असतो तो वरच्या सवलतींत. कमावता नसलेला जोडीदार आणि मुलं कुटुंबाच्या विम्यात वेगळा हप्ता न भरता येतात आणि त्यांचे दातांचे हक्कही तेच. फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. पाटीवर किंवा वेबसाइटवर ‘आले कासेन’ (सगळ्या कासे चालतात) असं लिहिलेला दवाखाना शोधा, वेळ घ्या, हिरव्या-निळ्या जे असेल ते विम्याचं कार्ड घेऊन जा. यायला जमणार नसेल तर निदान एक दिवस आधी कळवा, काही दवाखाने बुडालेल्या वेळेचे पैसे मागतात.

पहिल्याच भेटीत काउंटरवर ‘बोनुसहेफ्ट’ मागा. ही छोटीशी पुस्तिका फुकट मिळते आणि माझ्या मते जर्मनीतल्या दातांच्या हिशेबात तिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. मोठ्या माणसाने दर कॅलेंडर वर्षात एकदा तपासणी करून तिच्यात शिक्का घ्यायचा. बारा ते सतरा वर्षांच्या मुलांनी दर सहामाहीत एकदा. पुढे कधी कॅप, ब्रिज किंवा कवळी लागली, तर कासे ठरलेल्या साध्या उपचाराच्या सरासरी खर्चाचे ६० टक्के देते. सलग पाच वर्षांचे शिक्के असतील तर ७० टक्के, सलग दहा वर्षांचे असतील तर ७५ टक्के. हे दर ऑक्टोबर २०२० पासूनचे आहेत. त्याआधी मदत कमी होती.

आलात त्या वर्षाचाही शिक्का घ्या. सप्टेंबरमध्ये उतरलात, सामान अजून खोक्यांत आहे, मुलांची शाळा लागायची आहे, हे सगळं मला माहीत आहे. तरीही ३१ डिसेंबरच्या आत एक तपासणी झाली की साखळी त्या वर्षापासून सुरू होते. पुस्तिका हरवली तर घाबरू नका, ज्या दवाखान्यात गेला होतात ते आपल्या नोंदी बघून पुन्हा शिक्के देतात. घर बदललं, डॉक्टर बदलला, कासे बदलली, तरी साखळी तुटत नाही. ती तुटते फक्त एखादं वर्ष न गेल्यामुळे.

आता टक्केवारी कशाची, हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. ती तुमच्या बिलाची टक्केवारी नाही. प्रत्येक त्रासासाठी एक साधा, पुरेसा उपचार ठरलेला आहे, त्याला ‘रेगेलफरझोर्गुंग’ म्हणतात. टक्के त्याच्या खर्चाचे. हिशेबाला सोपं म्हणून समजा की त्या साध्या उपचाराचा खर्च ५०० युरो धरला आहे. मग शिक्के नसलेल्याला ३०० मिळतील, पाच वर्षांवाल्याला ३५०, दहा वर्षांवाल्याला ३७५. तुम्ही त्याऐवजी हजार युरोची सिरॅमिक कॅप निवडलीत, तरी कासेचा आकडा तोच, वरचे सगळे तुमचे. इम्प्लांटचंही तसंच: इम्प्लांटला वेगळी मदत नाही, पण त्या जागी साधा ब्रिज घातला असता तर जी रक्कम मिळाली असती ती मिळते. म्हणून ‘इम्प्लांट म्हणजे कासे काहीच देत नाही’ असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या आणि स्वतः विचारा.

पण ही रक्कम मिळायची तर काम सुरू होण्याआधी मंजुरी हवी. डॉक्टर ‘हाइल उंड कोस्टेनप्लान’ तयार करतात: कोणत्या दाताला काय झालंय, काय करणार, किती खर्च, कासेचा वाटा किती. हा आराखडा हल्ली दवाखान्यातूनच थेट कासेकडे जातो आणि मंजुरीही तिकडेच येते. मंजुरीनंतर सहा महिन्यांत काम व्हायला हवं. कॅपसाठी दात कोरून झाल्यावर कागद पाठवू, असं इथे चालत नाही. खर्चाची प्रत स्वतःकडे मागून घ्या आणि आकडा मोठा वाटला तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे. माझ्या नवऱ्याच्या एका दाढेसाठी दोन दवाखान्यांच्या आराखड्यांत इतका फरक निघाला, की तेव्हापासून आमच्या घरी मोठ्या कामाला दुसरं मत घ्यायचंच असा नियम आहे. राज्याराज्यांतल्या दंतवैद्यांच्या संघटना रुग्णांना मोफत सल्लाही देतात.

विद्यार्थ्यांसाठी इथेच सांगते. मास्टर्सला आलेली आपली मुलं पैसे नाहीत म्हणून तुटक्या दाताने वर्ष काढतात. उत्पन्न ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर ‘हेर्टेफाल’, म्हणजे पैशांची ओढाताण असलेला रुग्ण, म्हणून अर्ज करता येतो आणि मंजूर झाला तर साध्या उपचाराचा पूर्ण खर्च कासे देते. अर्ज कासेकडून मागवायचा, उत्पन्नाचे कागद जोडायचे. हाही उपचाराआधी. लाज वाटून घेऊ नका, कायद्यानेच तो तुम्हाला दिला आहे.

रोजच्या कामांचं त्यामानाने सोपं आहे. तपासणी, एक्स-रे, दातापुरती इंजेक्शनची भूल, दात काढणं, अक्कलदाढ, हे सगळं कार्डावर. दातांवरचं किटण, म्हणजे ‘त्सानश्टाइन’, वर्षातून एकदा कार्डावर काढून मिळतं. हिरड्यांची मापं दोन वर्षांतून एकदा घेतली जातात आणि हिरड्यांचा आजार निघाला तर जुलै २०२१ पासून त्याचे उपचार आणि नंतरची दोन वर्षांची देखभालही कासे देते. चाळिशी ओलांडलेल्यांनी हिरड्यांबद्दल स्वतःहून विचारावं, ही माझी कळकळीची विनंती. दात चांगले असूनही हिरड्यांपायी ते गमावलेली माणसं मी आपल्या माहेरीही पाहिली आहेत.

‘पे त्सेट एर’ म्हणजे पूर्ण व्यावसायिक सफाई मात्र मूळ हक्कात नाही. साधारण ८० ते १२० युरो लागतात. पुष्कळ कासे वर्षातून एकदा त्यातले काही परत देतात, पण बिल आपण आधी भरून मग पाठवायचं असतं. एका दवाखान्यात मला टॅबलेट हातात देऊन ‘इथे सही करा’ म्हणाले. वाचलं तर ती या सफाईची संमती होती, मी मागितलेलीच नव्हती. तुम्हाला ती हवी असेल तर जरूर करा, मी दरवर्षी करते. पण सहीआधी एक वाक्य पाठ ठेवा: ‘इस्ट दास आइने कासेनलाइस्टुंग?’ हे कासेच्या खर्चात येतं का, एवढाच त्याचा अर्थ. जर्मन कच्चं असलं तरी हे वाक्य म्हणा, समोरच्याला सरळ उत्तर द्यावं लागतं.

फिलिंगबद्दल २०२५ पासून चित्र बदललं आहे. युरोपात पाऱ्याच्या अमाल्गम फिलिंगवर १ जानेवारी २०२५ पासून बंदी आली. पुढच्या दातांना दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट कासे देते. मागच्या दाढांना जादा पैसे न घेता स्वतःहून चिकटणारं साधं साहित्य मिळतं. दाढेत थरांचं चांगलं कॉम्पोझिट हवं असेल तर फरकाची रक्कम तुम्ही द्यायची आणि त्याचा लेखी करार आधी व्हायला हवा. कासेचा वाटा वजा केलेला आहे ना, एवढं बघा. फिलिंग दोन वर्षांच्या आत निखळलं तर सहसा त्याच डॉक्टरने ते पुन्हा फुकट भरून द्यायचं असतं. तारीख लिहून ठेवा.

रूट कॅनॉलमध्ये दाढेचा प्रश्न असतो. पुढच्या दातांना बहुधा अडचण येत नाही. दाढेसाठी कासे तेव्हाच देते, जेव्हा ती वाचवल्याने दातांची ओळ सलग राहते, ओळीच्या टोकाशी मोकळी जागा पडणं टळतं, किंवा आधी बसवलेला ब्रिज-कवळी टिकते. यातलं काहीच लागू नसेल तर दाढ काढणं एवढाच कासेचा पर्याय उरतो. डॉक्टरांनी ‘हे प्रायव्हेट’ म्हटलं की या तीनपैकी कोणतं बसत नाही, ते विचारून घ्या.

मुलांच्या बाबतीत ही व्यवस्था खरोखर उदार आहे, आणि आपल्या लोकांना तेच सर्वांत कमी माहीत असतं. बाळाची पहिली दाताची तपासणी सहाव्या महिन्यापासून, म्हणजे पहिला दात डोकावतो तेव्हाच. सहा वर्षांपर्यंत अशा सहा तपासण्या आहेत आणि २०२६ पासून त्या बालरोगतज्ज्ञांच्या पिवळ्या पुस्तिकेतच नोंदल्या जातात. लहानग्यांना फ्लोराइडचं वार्निश कार्डावर लावून मिळतं. ‘दुधाचे तर दात, पडणारच आहेत’ हे आजीचं वाक्य इथे सोडून द्या. किडलेल्या दुधाच्या दातांचं फिलिंग आणि स्टीलची कॅपही कासे देते. पांढरी कॅप हवी असेल तर ती खासगी. सहा ते सतरा वयाला सहा महिन्यांनी एकदा दात घासायचं शिक्षण, फ्लोराइड आणि मोठ्या दाढांच्या खाचा बुजवणं मिळतं. माझ्या मुलाची सहाव्या वर्षाची दाढ पूर्ण वर आली त्याच महिन्यात आम्ही खाच बुजवून घेतली. ती दाढ मागे लपलेली असते, पुष्कळ आयांना आलेली कळतही नाही. दर रविवारी टॉर्च लावून बघा.

वाकडे दात सरळ करणाऱ्या तारांचं प्रकरण मोठं आहे. उपचार अठराव्या वाढदिवसाआधी सुरू व्हावे लागतात आणि दातांची अडचण ठरावीक तीव्रतेची असावी लागते. ती एक ते पाच अशा पायऱ्यांत मोजतात. तिसऱ्या पायरीपासून कासे पैसे देते. उदाहरणार्थ, वरचे दात खालच्यांपेक्षा ६ मिलिमीटरहून जास्त पुढे असतील तर मूल यात बसतं. दिसायला थोडे वाकडे एवढंच असेल तर बसत नाही, मग कितीही हळहळ वाटो. मंजुरी मिळाली की कासे ८० टक्के देते, २० टक्के आपण दर तिमाहीला भरायचे, आणि उपचार यशस्वीपणे पुरा झाला की ते २० टक्के परत मिळतात. त्याच घरातल्या दुसऱ्या मुलाचे उपचार त्याच काळात चालू असतील तर त्याचे १० टक्केच भरावे लागतात. मध्येच सोडून भारतात परतलात तर परतावा मिळत नाही, म्हणून बदलीची शक्यता असलेल्यांनी आधी विचार करावा. आमच्या मुलीच्या तारांची प्रत्येक पावती मी एकाच फायलीत ठेवते आहे, कारण शेवटी पूर्णत्वाच्या दाखल्यासोबत त्या सगळ्या लागतात.

ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावणारे डॉक्टर, छोटे ब्रॅकेट, खास तार, असं बरंच जादा सुचवतात आणि आकडे शेकड्यांत जातात. जादाचं घेतलं नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. ‘कासेवाल्या साध्या तारांनीही दात सरळ होतील ना?’ असं विचारा. आमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं आणि तसंच चाललं आहे. मोठ्यांना तारा मिळतात त्या फक्त जबड्याची शस्त्रक्रिया लागेल इतका दोष असेल तर. मुलांसाठी कासेच्या जोडीला दातांचा खासगी जोडविमा घ्यायचा असेल तर डॉक्टरांनी ‘तारा लागतील’ असं फायलीत लिहिण्याआधी घ्या. सुचवलेल्या किंवा सुरू झालेल्या उपचाराला तो चालत नाही.

आता नेहमीचा प्रश्न: ‘सुट्टीत पुण्याला जातोच आहोत, तिथेच करून घेऊ का?’ सरळ उत्तर, कासे त्याचे पैसे देत नाही. भारत आणि जर्मनीमधला सामाजिक सुरक्षेचा करार पेन्शनपुरता आहे, आजारपणाचा नाही. तरीही इम्प्लांटसारखं महागडं काम तिथे पूर्ण खिशातून करूनही स्वस्त पडू शकतं, आणि पुण्या-मुंबईत उत्तम डॉक्टर आहेत. पण आधी इथला आराखडा हातात घ्या, म्हणजे खरी तुलना होईल. आणि तीन आठवड्यांच्या सुट्टीत लग्न, देवदर्शन, नातेवाईक यांच्यामध्ये अनेक महिन्यांचं काम कोंबू नका. इथे परतल्यावर कॅप हलली तर ती दुरुस्त करायची जबाबदारी इथल्या कोणावर नसते.

आणि आई-बाबांना बोलावताना: ते तुमच्या कुटुंबाच्या विम्यात येत नाहीत. प्रवास विम्यात दातांसाठी बहुतेक वेळा फक्त वेदना थांबवण्यापुरतेच पैसे असतात आणि त्यालाही मर्यादा असते. व्हिसाच्या कागदांसोबतच त्यांची गावातल्या डेंटिस्टकडे तपासणी करून घ्या, सैल कवळी, दुखरी दाढ तिकडेच उरकून मग तिकीट काढा, आणि पॉलिसीतलं दातांचं कलम विकत घेण्याआधी वाचा.